ताजणे मॅडमचं नाक

प्रयोगशाळेत कुणी रूम फ्रेशनर मारला की माझं डोकंच फिरतं. परवा तपासणीला समिती येणार म्हणून आमच्या एका नव्या, उत्साही प्राध्यापकांनी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत लॅव्हेंडरचा अख्खा डबा रिकामा केला. मी शेजारून तरातरा गेले आणि म्हटलं, "अहो, हे काय लावलंय? आता काही गळलं तर कळणार कसं तुम्हाला?" वनस्पतिशास्त्राची ही बाई आपल्यावर का डाफरतेय, हे त्या बिचाऱ्यांना समजेना. त्यांना काय सांगणार! माझ्या तोंडून ताजणे मॅडम बोलत होत्या.

सुशीला ताजणे. गंगापूर रोडवरच्या आमच्या कॉलेजात त्यांनी उभा जन्म रसायनशास्त्र शिकवलं. बुटक्या, काटक, सुती साडीचा पदर खांद्यावर पिनांनी जखडलेला आणि साडीखाली कॅनव्हासचे बूट. ॲसिड सांडलं तर चपलेचा काय उपयोग, असं त्यांचं म्हणणं. लग्नाकार्यालाही तेच बूट. कुणी हसलं तर म्हणायच्या, "हसा. स्वयंपाकघरात रस्सा सांडला की तुम्हीच नाचाल, मी नाही."

पण मॅडम म्हटलं की कॉलेजात सगळ्यांना आठवायचं ते त्यांचं नाक. दिसायला चारचौघींसारखंच. पण त्या नाकावर त्यांचा जो विश्वास होता तो कुठल्याही यंत्रावर नव्हता. 'नाक शाबूत आहे तोवर मी या खोलीची मालकीण' असं त्या बजावून सांगायच्या. म्हणून ते नाक गेलं तेव्हा नेमकं काय गेलं, हे समजायला आधी ते कसं होतं ते सांगायला हवं.

माझी-त्यांची ओळख भांडणातून झाली. आमच्या दोन्ही प्रयोगशाळांना एकच भिंत, आणि त्या भिंतीला वर एक झरोका. मी नवी नवी लागलेली. पलीकडून रोज काही ना काही यायचं. एके दिवशी असा सडक्या अंड्यांचा लोट आला की माझ्या वर्गातल्या दोन मुली उठून बाहेर पळाल्या. मी तणतणत गेले. मॅडमनी माझं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "काय आलं म्हणालीस?"

"सडकी अंडी!"

"हायड्रोजन सल्फाइड. पास झालीस. बस, चहा घे."

चहा बाहेरच्या व्हरांड्यात, कपबशीतून. प्रयोगशाळेत चहा पिणाऱ्या माणसाला त्या माणसात धरत नसत. बीकरमधून चहा पिणारे एक सर होते, त्यांच्याशी त्या वर्षभर बोलल्या नव्हत्या म्हणे. त्या दिवसापासून झरोका हा आमचा फळा झाला. पलीकडून हाक यायची, "वैशाली, आज काय?" मी म्हणायची, "पिकलेली केळी." "एस्टर. पास." कधी मी चुकले की भिंतीपलीकडून सगळा वर्ग हसायचा. वनस्पतिशास्त्राच्या बाईला रसायनशास्त्र शिकवण्याची ही तऱ्हा! मला राग यायला हवा होता, पण खरं सांगते, मी त्या हाकेची वाट बघायची.

गंमत म्हणजे त्यांचं घर फुलांचं. मखमलाबादच्या बाजूला भावाची फूलशेती. झेंडू, शेवंती, मोगरा, रोज पहाटे गाडी भरून फूलबाजारात. आणि मॅडमच्या केसात जन्मात कधी गजरा नाही. पावडर नाही, वासाचं तेल नाही. "कामावर येताना नाक रिकामं आणायचं," म्हणायच्या. प्रॅक्टिकलला एखादा मुलगा अत्तर फासून आला की त्याला नळाखाली उभं करायच्या. "कुणाला भुलवायचंय ते संध्याकाळी भुलव. इथे तुझ्या अत्तराखाली क्लोरीन दडला तर मी शोधू कुठे?" मुलं खुसखुसायची, पण मान धुऊन यायची.

वर्षातून एकदा मात्र त्यांच्या वर्गाला बाहेरचे लोक येऊन बसायचे. मीही मागच्या बाकावर असायची. तो तास कॅकोडिलचा. आर्सेनिकचं संयुग. आर्सेनिक म्हणजे आपला सोमल, विषांचा राजा. मॅडम खडू ठेवायच्या, हात झटकायच्या आणि सुरू व्हायच्या.

"पॅरिसमधला एक औषधवाला. बिचारा अदृश्य शाई करायला बसला होता. खनिजं घेतली, त्यात सोमल होता. तापवलं, आणि निघालं काय, तर धुरकट द्रव. हवा लागली की पेटणारा. आणि वास? लसूण सडवा, त्याच्या शंभर पट. अदृश्य शाई करायला गेला आणि असं काही करून बसला की सात गल्ल्यांत लपेना!"

वर्ग हसला की त्या आवाज खाली आणायच्या. "पुढे बऱ्याच काळानं एक जर्मन तरुण याच्या मागे लागला. वासानं हातापायांना मुंग्या यायच्या, चक्कर यायची, जीभ काळी पडायची. तो लांब नळीतून बाहेरची हवा ओढत काम करायचा. तरी एकदा भांडं फुटलंच. एका डोळ्याची दृष्टी गेली, आणि सोमलाच्या विषानं तो मरता मरता वाचला. पण त्यानं दाखवून दिलं की अणूंचा एक घोळका एका संयुगातून दुसऱ्यात जातो तो अख्खाच जातो. एकत्र कुटुंबानं बिऱ्हाड हलवावं तसा. आज तुम्ही सेंद्रिय रसायनशास्त्र म्हणून जे पाठ करता, त्याच्या पायात हा घाणेरडा दगड आहे."

मग एखादी मुलगी हमखास विचारायची, "मॅडम, इतका घाण वास असूनही लोक का गेले त्याच्या वाटेला?"

"अगं, वास होता म्हणून तर वाचले! वास म्हणजे विषानं स्वतःहून दिलेली वर्दी. ओरडत येतं ते अर्धंच विष. पावलं न वाजवता येतं, त्याला भ्या."

हे त्यांचं नुसतं वर्गातलं बोलणं नव्हतं. ते मी डोळ्यांनी बघितलंय.

आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, प्रयोगशाळेत पूजा असते. तराजू, सूक्ष्मदर्शक, बर्नर, सगळ्याला हळदकुंकू आणि झेंडूची माळ. हा सगळा थाट शिवाजीभाऊंचा. शिवाजीभाऊ म्हणजे रसायनशास्त्राचे लॅब अटेंडंट, घोटीचे, मनानं भाबडे आणि देवाधर्माचे पक्के. त्या वर्षी त्यांनी जुडग्यातल्या किल्ल्यांनी सगळी कपाटं उघडली. पूजेविना कुणी राहायला नको ना! मॅडमच्या कुलूपबंद कपाटात वाळूच्या डब्यात ठेवलेली एक जुनी, दोन्ही टोकांना वितळवून बंद केलेली काचेची नळी होती. आत तळाशी तपकिरी द्रव. विभाग सुरू करणाऱ्या कुणा मोठ्या सरांनी कधीकाळी बनवलेलं कॅकोडिल. ते विल्हेवाटीला पाठवा म्हणून मॅडम ऑफिसच्या मागे लागून थकल्या होत्या. शिवाजीभाऊंनी ती नळी बाहेर काढली, पुसली, कुंकू लावलं आणि पाटावर अगदी मधोमध मांडली. शेजारी समई तेवत होती.

आम्ही सगळे आरतीला उभे. धूप, कापूर, झेंडू यांचा घमघमाट. मॅडम जरा उशिरा आल्या. दारात पाऊल टाकलं आणि जागच्या जागी थांबल्या. नाकपुड्या किंचित हलल्या. मला तर धुपाशिवाय काही येत नव्हतं, देवाशपथ.

"लसूण," त्या म्हणाल्या. आणि मग, आवाज न चढवता, "सगळे बाहेर. मैदानावर. आरती तिकडे म्हणा."

कुणीतरी म्हणालं, "मॅडम, आरती अर्धी—"

"बाहेर!"

आम्ही निघालो. मी दाराच्या काचेतून पाहिलं ते एवढंच. मास्क आणि जाड हातमोजे चढवलेली एक बुटकी बाई आधी समई विझवते, मग कोरड्या वाळूची बादली घेते आणि ती नळी, कुंकवासकट, वाळूत पुरते. एखाद्या बाईनं झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं इतक्या हलक्या हातानं. नळीला केसाएवढी चीर गेली होती. समईजवळ आणखी थोडा वेळ राहिली असती तर काय झालं असतं, हे त्यांनी नंतरही कधी बोलून दाखवलं नाही.

बादली मैदानाच्या पार टोकाला गेली. मॅडम तिच्यापासून लांब, वाऱ्याच्या वरच्या बाजूला खुर्ची टाकून बसल्या. ऑक्टोबरचं ऊन. घातक कचरा नेणारी गाडी येईपर्यंत त्या हलल्या नाहीत. पाणी नेऊन दिलं तर लांबूनच हात केला, जवळ यायचं नाही म्हणून.

शिवाजीभाऊ रडकुंडीला आले होते. "मॅडम, येवढी लय जपून ठेवलेली, मला वाटलं काहीतरी मोठी चीज असंल. म्हणून मधी ठेवली हो."

सगळ्यांना वाटलं आता भाऊंचं काही खरं नाही. मॅडम म्हणाल्या, "भाऊ, पूजा चुकली नाही तुमची. फक्त देव जरा जागृत निघाला." आणि पहिल्यांदा खुर्चीवर मागे टेकून हसल्या. नंतर प्राचार्यांच्या खोलीत मात्र त्या हसल्या नाहीत. तिथून बाहेर आल्या तेव्हा प्राचार्यांनीच त्यांच्यासाठी दार उघडून धरलं होतं. महिन्याच्या आत प्रयोगशाळेत धूर ओढून घेणारं नवं बंद कपाट बसलं.

मग करोना आला. दुसऱ्या लाटेत मॅडम पंधरवडाभर आजारी होत्या. तापातून उठल्या, धाप कमी झाली, आम्ही सुटकेचा श्वास टाकला. कॉलेज पुन्हा उघडलं त्या दिवशी व्हरांड्यात चहा घेताना त्या कपाकडे नुसत्या बघत बसल्या.

"वैशाली, माझं नाक गेलं."

मला समजलंच नाही. "बरं होईल हो मॅडम. सगळ्यांचं जातं, सगळ्यांचं येतं."

"सगळ्यांचं येईल. माझं कधी येईल ते सांग."

दिवस गेले, महिने गेले, आलं नाही. डॉक्टरांनी वासाचा व्यायाम सांगितला. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. रोज सकाळी माझ्या प्रयोगशाळेत यायच्या, डोळे मिटून बसायच्या. मी चार कुप्या एकेक करून नाकाखाली धरायची. त्या श्वास घ्यायच्या आणि मान हलवायच्या. नाही. ही मान हलणं मला बघवत नसे. एका रविवारी त्यांच्या शेतावर गेले होते. भावानं ओंजळभर मोगरा नुकताच तोडून आणला, बहिणीच्या तोंडापुढे धरला. "आक्का, घे ना. थोडासुदिक नाय?" मॅडम म्हणाल्या, "थंडगार लागतोय रे." तो धटिंगण माणूस फुलं तशीच ओंजळीत घेऊन वळला आणि कितीतरी वेळ विहिरीकडे तोंड करून उभा राहिला. गजरा न माळणाऱ्या या बाईला रात्री मोगऱ्याच्या वासाशिवाय झोप लागत नसे, हे मला त्या दिवशी कळलं.

मॅडम प्राचार्यांकडे गेल्या आणि प्रॅक्टिकल्स काढून घ्या म्हणाल्या. प्राचार्य चांगले होते. "मॅडम, तुम्ही शिकवता तोंडानं, नाकानं नाही."

"सर, गेटवर आंधळा वॉचमन ठेवाल?"

पण कॉलेजकडे दुसरं माणूस नव्हतं. आठ दिवस मॅडमनी नुसते खडू-फळ्याचे तास घेतले. मला भीती वाटली, या बाई आता घरी बसणार. नवव्या दिवशी झरोक्यातून त्यांचा आवाज आला. वर्गाला सांगत होत्या, "हे बघा पोरांनो, माझं नाक बंद पडलंय. लपवण्यात अर्थ नाही, लपवलं तर तुमच्यातलं कुणीतरी मरेल. मला तुमची नाकं उसनी हवीत. रोज एक जण. सर्दी नको, गुटखा नको, अत्तर नको."

आणि खरंच, दर प्रॅक्टिकलला एक 'आजचं नाक' नेमलं जाऊ लागलं. ते पोर खोलीभर हिंडायचं आणि मॅडमना वर्दी द्यायचं. मुलांना असला मान चढला की विचारू नका. मुलीसुद्धा आईला सांगायच्या, आज डोक्याला वासाचं तेल नको, आज मी नाक आहे!

एकदा नांदूरची एक लाजरी मुलगी नाक होती. मध्येच ओरडली, "मॅडम, लसूण!" क्षणात खोली रिकामी, सगळे मैदानावर. शोधाशोध झाली. निघालं काय, तर मॅडमच्याच टेबलावर भौतिकशास्त्राच्या सरांनी विसरून ठेवलेला डबा, आत लसणाची चटणी. सगळं कॉलेज खो-खो हसलं. ती मुलगी रडायला लागली. मॅडमनी तिला सगळ्यांसमोर जवळ घेतलं. "शाब्बास! तुझं नाक चुकलं नाही. डबा चुकला." सरांचा डबा मात्र पुढे कधी त्या मजल्यावर दिसला नाही.

पण संध्याकाळी व्हरांड्यात मला म्हणाल्या, "वैशाली, मी त्या डब्याला टेकून बसले होते गं. तासभर." चहा गार झाला.

त्या वर्षी कॅकोडिलचा तास मी मुद्दाम चुकवणार होते. मॅडमना ती गोष्ट सांगताना बघणं नको वाटत होतं. पण पाय तिकडेच वळले. त्यांनी सगळं तसंच सांगितलं, शाई, सात गल्ल्या, लांब नळी. डोळ्यापाशी आल्या आणि थांबल्या. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं मी या माणसाची गोष्ट कॅकोडिलवरच संपवत होते. पुढचं सांगायचं राहून जायचं. तो माणूस नंतर त्या रसायनाच्या वाटेला गेला नाही. पुढे त्यानं ज्योतीतले रंग बघायला घेतले. उरलेल्या एका डोळ्यानं. आणि मित्राच्या जोडीनं त्या रंगांतून कुणालाही ठाऊक नसलेली दोन मूलद्रव्यं शोधली." टेबलावरचं डस्टर त्यांनी उगाचच इकडून तिकडे ठेवलं. "चला, प्रश्न विचारा." माझे डोळे भरून आले होते, मी वहीत तोंड घातलं.

निवृत्तीपर्यंत त्यांच्या प्रयोगशाळेत एकाही मुलाला इजा झाली नाही. निरोप समारंभात सगळ्यांनी भाषणं केली. मॅडमना पुष्पगुच्छ दिला, त्यांनी सवयीनं नाकाजवळ नेला आणि पटकन खाली घेतला. सभागृहात ते फारसं कुणाला दिसलं नसेल. मला दिसलं.

पुढच्या वर्षी त्या गेल्या. हृदयाचा झटका, कुणाला हाक मारायलाही वेळ मिळाला नाही. त्याच्या दोनेक महिने आधी मी त्यांना सोबत नांदगावला घेऊन गेले होते. तिथे माझं सासर आहे, दिराच्या घरी वास्तुशांत होती. तीच आमची शेवटची भेट.

घराच्या मागे दिरांची कांदा साठवायची चाळ. त्या वर्षी अवकाळी पावसानं चाळीत पाणी शिरलं होतं आणि माल सडत होता. सडका कांदा ज्यानं हुंगलाय त्यालाच ठाऊक. घशात बसतो, डोळ्यांत बसतो, अंगावरच्या कपड्यांतून दोन दिवस जात नाही. गाडीतून उतरल्याबरोबर मी पदर तोंडाला लावला. पाहुणे रुमाल धरून घरात पळत होते. दीर ओशाळून पुढे आले. "मॅडम, पुढच्या दारानं चला. इकडं लय घाण हाय."

मॅडम हलल्या नाहीत. मला वाटलं गुडघा धरला असेल. मी हात पुढे केला तर त्यांनी माझं मनगट घट्ट पकडलं.

"वैशाली. काहीतरी येतंय."

"काय येतंय?"

"माहीत नाही. कडू... नाही, थांब. सल्फर. कुजका, घाणेरडा सल्फर." त्यांनी पुन्हा श्वास घेतला, खोल, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मी तसा पूर्वी कधी बघितला नव्हता. "अगं, घाण येतेय! केवढी घाण येतेय गं!"

मी रस्त्यातच रडायला लागले. त्या हसत होत्या आणि हसता हसता त्यांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, कांद्यानं म्हणा, कशानं म्हणा. मग माझा हात सोडून त्या चाळीकडे चालत गेल्या. चाळीच्या तोंडाशी एक पालथं क्रेट होतं, त्यावर बसल्या, डोळे मिटले. आतून जेवणाची हाक आली, पानं वाढली होती, तरी त्या उठेनात.

दीर काळजीनं माझ्याजवळ आले. "वहिनी, मॅडमला त्रास होईल हो तिथं. आणू का त्यांना घरात?"

"राहू द्या, भाऊजी," मी म्हटलं. "फार दिवसांनी भेट होतेय त्यांची."